आमच्या काळूला गोचीड नाही

पहूर, ता. जामनेर
२२ ऑगस्ट १९८८

सन्माननीय व्याही गिरधरभाऊ यांस,
सुपडूचा सप्रेम जय भीम.

आपला गुडघा कसा आहे? या ओल्या हवेत तो कुरकुरत असेल. जिना चढताना कठड्याला धरत जा, त्यात कमीपणा काही नाही. विहीणबाईंचा खोकला गेला का? नसेल तर अडुळशाची पानं आमच्या धाकट्या भटूच्या हाती पाठवतो, धुळ्यात चांगला अडुळसा मिळायचा नाही. शालिग्राम जावईबापू अजून सुरत गाडीवरच आहेत का? कंडक्टरची नोकरी म्हणजे सगळ्या जगाला जेवायच्या वेळेला पोचवायचं आणि आपण उपाशी राहायचं. आणि आमची लता? ती स्वतःबद्दल कधी लिहीत नाही. लिहिते ती सगळ्यांचं, म्हणून तुम्हालाच विचारतो.

आता राहिला तांब्या. लताने तिच्या आईला लिहिलं की तुमच्या कुत्र्याला फार गोचीड झाले आहेत, कानात तर एरंडाच्या बिया चिकटवल्यासारखे दिसतात, आणि विहीणबाईंना त्यापायी जेवण गोड लागत नाही. मंजुळाबाईंनी ते मला वाचायला लावलं. वाचून झाल्यावर मी म्हटलं, एवढंच ना?

गिरधरभाऊ, कागदावरचं ज्ञान तुमचं मोठं आहे. पण हा विषय आमचा. आधी गोचीड हाताने काढा. चिमट्याने कातडीजवळ धरायचा, झटका द्यायचा नाही, सरळ ओढायचा. काढलेला जमिनीवर टाकून चिरडायचा नाही, रॉकेल घातलेल्या वाटीत सोडायचा. मग कडुनिंबाचा पाला उकळून त्या कोमट पाण्याने आंघोळ. वाळल्यावर करंजाचं तेल, कानाच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यात. तांब्या ज्या गोणपाटावर निजतो ते जाळून टाका. भिंतीच्या भेगा बुजवा, कारण गोचीड कुत्र्यावर जेवतो पण राहतो भिंतीत.

एवढं करूनही हटला नाही, तर तंबाखूचं पाणी. हा रामबाण. आमच्या काळूला मी हेच लावतो. आमच्या काळूला गोचीड नाही.

पत्राचं उत्तर द्या.
आपला,
सुपडू

देवपूर, धुळे
३० ऑगस्ट १९८८

आदरणीय सुपडूनाना यांना,
स. जय भीम वि. वि.

आपले पत्र मिळाले व घरात सर्वांसमोर वाचले गेले. गुडघा आपण म्हणता तसाच कुरकुरतो. सौ. सुगंधाचा खोकला उतरला आहे. शालिग्राम सुरत गाडीवरच आहे. लता ठीक आहे.

आपल्या सूचनेनुसार आम्ही त्रिसदस्यीय समिती नेमली. लता तांब्याचा कान धरते, मी चिमटा चालवतो आणि सुगंधा चष्मा लावून "तो पाहा, तो सुटला!" असे ओरडते. वाटीभर निघाले. निंबाच्या पाण्याने आंघोळ झाली, पण दार उघडे राहिले आणि स्वारी थेट पांझरेच्या काठी जाऊन धुळीत लोळून आली. शेजारचे रुपचंद मास्तर म्हणाले, "साहेब, कुत्र्याला पावडर लावली का?"

फरक पुष्कळ आहे. तांब्या रात्री झोपू लागला आहे आणि त्यामुळे सुगंधाही झोपू लागली आहे. शालिग्राम नोकरीला लागल्यापासून ती दिवसभर त्या कुत्र्याशीच बोलते, हे आपणास ठाऊक आहे. तो मान हलवतो, मी हलवत नाही, हा फरक ती मला ऐकवतेही.

तथापि कानात नवे दिसतात. तेव्हा तंबाखूच्या पाण्याचे प्रमाण कृपया कळवावे. आपला काळूवरचा अनुभव आहे म्हणून विचारतो. लता म्हणाली, "आमच्याकडे कुत्रं कधी नव्हतंच." मी म्हटले, "अगं, तू सासरी आल्यावर आणला असेल."

उत्तराची वाट पाहतो.
आपला स्नेहांकित,
गिरधर

पहूर
५ सप्टेंबर १९८८

सन्माननीय गिरधरभाऊ,
सप्रेम जय भीम.

समितीचं वाचून मी आणि मंजुळाबाई पोट धरून हसलो. विहीणबाईंना झोप लागते हे ऐकून तर फार बरं वाटलं.

लताचं खरं आहे, ती होती तेव्हा कुत्रा नव्हता. ती गेल्यावर घर सुनं झालं म्हणून काळू आणला. अंगाने काळाभोर, छातीवर पांढरा ठिपका, गाडीच्या जुवाखाली बसतो. परका माणूस आला की आधी माझ्याकडे बघतो, भुंकू का म्हणून विचारतो. फार शहाणा.

तर प्रमाण असं. खायची तंबाखू एक मूठ, घागरभर पाण्यात रात्री भिजत घाला. सकाळी उकळा, पाणी काळं चहासारखं झालं पाहिजे. गाळून, कोमट असताना, फडक्याने मानेपासून शेपटीपर्यंत चोळा. वरून धुवू नका, अंगावर जिरू द्या. लताला सांगा, तिला सवय आहे. लहानपणी पोळ्याच्या आधी मी बैल चोळायचो तेव्हा तीच तांब्या भरून द्यायची. (म्हणजे पाण्याचा तांब्या, तुमचा नव्हे.)

बिनधास्त करा. काही झालं तर मी आहे.
विहीणबाईंच्या तांब्याला काय गुण आला तो मुद्दाम कळवा.
आपला,
सुपडू

देवपूर, धुळे
१९ सप्टेंबर १९८८
(पोस्टकार्ड)

आदरणीय नाना,
स. जय भीम. कळविण्यास खेद वाटतो की तंबाखूचे पाणी लावल्यावर तांब्या अत्यवस्थ झाला होता. जनावरांच्या दवाखान्यात न्यावे लागले. आता धोका नाही, परंतु अशक्त आहे. लताच्या हातून तंबाखू जास्त पडली असे ती म्हणते. सुगंधाच्या मनाला फार लागले आहे, ती लताशी बोलत नाही. आपण वाईट वाटून घेऊ नये. होईल सर्व ठीक.
गिरधर

पहूर
२३ सप्टेंबर १९८८

चि. लता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासऱ्यांचं कार्ड आलं. भटूने ते ओट्यावर मोठ्याने वाचलं, शेजारचा तोताराम आणि दोघेतिघे बसलेले होते. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

अगं, मी मूठ म्हणून लिहिलं होतं. मूठ म्हणजे मूठ. तुझं लक्ष कुठे असतं? इकडे होतीस तेव्हाही भाजीत मीठ दोनदा पडायचं, पण ते बापाचं घर होतं. बापाने खारट खाल्लं आणि वर पाणी प्यालं. सासरी एका मुक्या जीवाशी असं करायचं? तुझ्या सासूने त्याला पोरासारखं वाढवलं. आता त्या माणसांनी काय म्हणावं? सुपडूने मुलीला हेच शिकवलं?

तुझ्या सासऱ्यांची मी वेगळ्या पत्राने माफी मागितली आहे, तुझ्या वतीने. तू सासूबाईंच्या पाया पड. जास्त काय लिहू. माझी मान खाली गेली.

तुझा बाप,
सुपडू

देवपूर
२ ऑक्टोबर १९८८

ती. नानांना,
लताचा शिरसाष्टांग जय भीम.

तुम्ही कसे आहात? तुमच्या छातीत कळ यायची, ती आता येते का? आईचा दात काढला का? भटूने शाळेत पुन्हा नाव घातलं की नाही अजून? इकडे मी बरी आहे.

तुमचं पत्र मिळालं. मी तंबाखू जास्त घातली असं इकडून कळवलं आहे ना? मग तसंच समजा. सासूबाईंच्या पाया मी त्या दिवशीच पडले होते. त्यांनी पाय मागे घेतले. त्या माझ्या हातचा चहा घेत नाहीत, स्वतः उठून करतात, आणि त्यांना चुलीशी वाकवत नाही.

तांब्याचं सांगते, कारण ते तुम्हाला कळायला पाहिजे. पाणी चोळल्यावर तो उन्हात बसला आणि अंग चाटायला लागला. पाठ, पाय, शेपूट, सगळं चाटून काढलं. मग तोंडातून फेस आला, पाय थरथरले आणि तो आडवा झाला. सासूबाई बहिणीकडून सोनगीरहून तेवढ्यात परत आल्या. दारात तो असा पडलेला. दवाखान्यात त्याला साबणाने धुतला, सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले, "कुणी सांगितलं हे? तंबाखू म्हणजे विष. आणि कुत्रं स्वतःला चाटतं, एवढं कळत नाही का?" मी खाली बघत होते. तुमचं नाव मी घेतलं नाही.

नाना, पोळ्याच्या आधी तुम्ही बैलांना ते पाणी लावायचात, तेव्हा त्यांना वेसणीने खुंट्याला अगदी आखूड बांधायचात. मान वळवता यायची नाही. आणि वाळलं की नाल्यावर नेऊन धुवायचात. मी तांब्या भरून द्यायची म्हणून मला आठवतं. ते तुम्ही पत्रात लिहिलं नाही.

एकच विचारायचं आहे. मी भटूला लिहिलं होतं, काळू कसा आहे म्हणून. त्याने उलट विचारलं, कोण काळू?

उत्तर नाही दिलं तरी चालेल.
तुमची,
लता

पहूर
६ ऑक्टोबर १९८८

सन्माननीय गिरधरभाऊ,
जय भीम. सप्रेम म्हणायला आज तोंड नाही.

तुमचा गुडघा, विहीणबाईंचा खोकला, सगळं विचारायचं आहे, पण आधी हे लिहितो. नाहीतर विचारपूस करता करता कागद संपेल आणि मला सुटल्यासारखं वाटेल.

आमच्याकडे काळू नाही. कधीच नव्हता. छातीवरचा पांढरा ठिपका मी बसल्याबसल्या काढला. मी लिहीत होतो तेव्हा मंजुळाबाई शेजारी भुईमूग सोलत होत्या. मी लिहिलेलं मोठ्याने म्हणत होतो, ते ऐकून त्या म्हणाल्या, "कुत्रं कधी व्हतं हो आपल्याकडे?" मी म्हटलं, "तू गप बस, तुला काय कळतं पत्रातलं." भाऊ, त्यांनाच कळत होतं.

तंबाखूचं पाणी मी फक्त बैलांना लावलं आहे. माझे वडील लावायचे, म्हणून मी लावतो. ते बैलाला आखूड बांधायचे, म्हणून मी बांधतो. का बांधायचं, हे मी त्यांना विचारलं नाही आणि माझं मलाही कधी सुचलं नाही. मला वाटायचं, ओल्या अंगाने बैल मातीत बसू नये म्हणून. म्हातारा झालो तेव्हा पोरीने कारण सांगितलं. जी गोष्ट मी न समजता करत होतो, ती तुम्हाला ज्ञान म्हणून पाठवली, आणि तीही अर्धी. मुख्य अर्धं माझ्या खुंट्यालाच बांधलेलं राहिलं.

का केलं म्हणाल, तर हसाल. लग्नात तुमच्या मांडवात कुणीतरी विचारलं होतं, मुलीचे वडील कितवी? मी कुठलीच नाही. विहारात कंदिलाशी बसून पाट्या आणि जुनी वर्तमानपत्रं वाचत अक्षर शिकलो. तुमच्या पत्रातलं 'तथापि' मी दोनदा वाचतो. मला वाटलं, या घराला माझी एक तरी गोष्ट कामाची पडावी. माझं नाव निघावं की लताच्या वडिलांनी सांगितलं आणि गुण आला. त्यासाठी कुत्रा नसता तर मी हत्तीसुद्धा पाळला असता.

लताचा यात काडीचा दोष नाही. मूठ घातली असेल नाहीतर दोन, पाणी विषाचंच होतं आणि सांगणारा मी होतो. तिने तुमच्या घरात माझं नाव झाकलं, आणि मी तिला मीठ दोनदा पडायचं म्हणून लिहिलं.

हे पत्र विहीणबाईंसमोर मोठ्याने वाचा. लताही तिथे असू द्या. मधला कुठला शब्द गाळू नका.

तुमचा अपराधी,
सुपडू

देवपूर, धुळे
१५ ऑक्टोबर १९८८

आदरणीय नाना,
जय भीम.

आपल्या आज्ञेप्रमाणे पत्र मोठ्याने वाचले. सुगंधा ऐकत होती. लता दाराला टेकून उभी होती. वाचून झाल्यावर मी पत्राची घडी घातली आणि ते खिशात ठेवले. नाना, तुम्ही मला निर्दोष सोडले होते. सरकारी नोकरीत आयुष्य गेले, असे सुटणे मला फार ओळखीचे आहे.

आता खरे ऐका. ते पाणी लताने केलेच नाही. मी केले.

सुगंधा सोनगीरला गेली होती. ती परत येईपर्यंत तांब्या साफ करून दाखवावा असे मनात आले. लता म्हणाली, "मामंजी, हे बैलाचं औषध आहे. नानांना पुन्हा विचारू या, नाहीतर दवाखान्यात दाखवू." मी म्हणालो, "तुझा स्वतःच्या वडिलांवर विश्वास नाही का?" त्यावर ती काय बोलणार? आणि मूठ मला कमी वाटली म्हणून मी दुप्पट घातली. चोळलेही मीच.

सुगंधा दारात आली, तांब्या पडलेला पाहून किंचाळली, "कोनी करं हे?" लता पुढे झाली आणि म्हणाली, "आई, माझ्या हातून जास्त पडली." मी ते ऐकले आणि ऐकून घेतले. पुढे आपणास पोस्टकार्डही तसेच लिहिले. पोस्टकार्ड वाटेत सगळे वाचतात, हे ठाऊक असून लिहिले.

आपले पत्र आल्यावरही मी बोललो नसतो. बोलायला लावले ते कुत्र्याने. काल सकाळी मोगऱ्याला पाणी घालायला मी तंबाखूचे पाणी ज्यातून लावले होते तेच पितळी पातेले उचलले. तांब्या ओसरीवर होता. पातेले माझ्या हातात दिसताच तो जागच्या जागी मुतला आणि पोटावर सरपटत लताच्या पायांमागे जाऊन लपला. लताच्या, नाना. जिने त्याला मारायला घेतले असे घर समजत होते, तिच्या पायांमागे.

सुगंधाने पाहिले. माझ्याकडे बघून म्हणाली, "मुक्या जनावरले सारं समजस. कोना हात व्हता ते त्याले ठाऊक शे."

मग मी सांगितले. उभ्याउभ्या, पातेले हातात तसेच. सुगंधा मला एक शब्द बोलली नाही, अजूनही बोलत नाही. ती खाटेवर बसली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "लता, माले चहा कर."

लताने चहा केला. मलाही दिला. तो घोट घशाखाली उतरताना जे वाटले ते मला लिहिता येत नाही. 'तथापि' तेवढे लिहिता येते.

आपण दोघांनी आपापली पत राखली आणि ती सगळी त्या पोरीच्या डोक्यावर ठेवली. तिने उतरवूनही ठेवली नाही. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "राहू द्या मामंजी." त्यापेक्षा ती रागावली असती तर बरे होते.

तुम्ही तिला लिहा. माझ्यासारखे राहू देऊ नका.
आपलाच,
गिरधर

पहूर
१२ नोव्हेंबर १९८८

चि. लता हिस,
नानाचे आशीर्वाद. तू ते घ्यावेस अशी विनंती.

तुझी तब्येत कशी आहे? सासूबाई आता चुलीशी वाकत नाहीत ना? मामंजींशी बोलतात का? जावईबापू दिवाळीत घरी होते का? तांब्या कसा आहे? त्याची आठवण शेवटी काढली तरी मनात तो पहिलाच आहे. इकडे आईचा दात काढला. माझ्या छातीत कळ नाही, दुसरंच काही आहे, ते डॉक्टरला सापडायचं नाही.

तुझ्या सासऱ्यांचं पत्र येऊन महिना होत आला. तुला लिहायला चारदा बसलो. एकदा कागद फाडला, एकदा भटू आला म्हणून उठलो, नंतर नंतर काहीच कारण नव्हतं तरी उठलो. दिवाळीत भटू घ्यायला येणार होता, तर तू निरोप धाडलास की घरात कामं आहेत. आईने तुझ्यासाठी बाजूला ठेवलेलं ताट पाहून मी जेवलो नाही. ती म्हणाली, "आता कशाला उपाशी राहता? लिहा तिला."

लता, गिरधरभाऊंनी दुप्पट घातली, ते त्यांचं त्यांनी सांगितलं. माझं मी सांगतो. कार्ड आलं तेव्हा माझ्या मनात आधी आलं की औषधात चूक असेल. खरंच आलं. तेवढ्यात ओट्यावर तोताराम बसलेला दिसला आणि मी तुझी चूक मोठ्याने बोलून दाखवली. मग तीच पत्रात लिहिली. मला माहीत होतं तू अशी नाहीस. भाजीत मीठ दोनदा पडलं ते एकदाच, आणि त्या दिवशी तुला ताप होता.

तोतारामला मी सगळं सांगितलं, त्याच ओट्यावर, तेवढीच माणसं जमवून. आता कुणी बैलाचं औषध विचारायला आलं तर आधी सांगतो, का ते मला माहीत नाही, दवाखान्यात विचार.

आणखी एक. कापसाच्या जिनिंग मिलच्या भिंतीशी एक पिल्लू सापडलं. ते घरी आणलं. अंगाने पांढरं आहे, कानाचं टोक तेवढं तपकिरी. मी नाव ठेवत होतो मोत्या. तुझी आई म्हणाली, "नाही. काळूच ठेवायचं. रोज हाक मारताना तुम्हाला लाज वाटली पाहिजे." तेव्हा आता पांढऱ्या कुत्र्याला गल्लीभर काळू, काळू म्हणून हाका मारत फिरतो. पोरं हसतात. मी हसू देतो.

आमच्या काळूला गोचीड आहेत. कानात पुष्कळ आहेत, आणि एक डोळ्याच्या अगदी कडेला. पिल्लू लहान आहे, मूठभर. चिमटा धरतो आणि परत ठेवतो. निंबाचं पाणी एवढ्या लहान जीवाला चालतं का? करंजाचं तेल लावलं आणि त्याने चाटलं तर? डोळ्याजवळचा तो मी काढू, की जामनेरला दवाखान्यात नेऊ?

मला माहीत नाही, लता. तू सांग. तू म्हणशील तसं करीन, आणि तोपर्यंत हात लावणार नाही. म्हणून तेवढं लवकर लिही.

तुझा,
नाना